बारा एप्रिलची चौकट

प्रिय तारीखमास्तर,

पत्रावर तारीख नाही हे बघून तुमची उजवी भुवई वर गेली असणार. काय करू? चार दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. सुरू केलं त्या दिवसाची घालू, की संपेल त्या दिवसाची? तुम्ही म्हणाला असतात, "चिमटे, घटना ज्या दिवशी घडते त्या दिवसाची." घटना तर अजून घडायचीच आहे. म्हणून जागा मोकळी सोडलीय.

आधी खबरबात देते. ऑफिसातली लिफ्ट अजूनही दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच अडकते. परवा तिच्यात जाहिरातवाले साहेब पाऊण तास अडकले होते, आणि त्या पाऊण तासात सगळी पानं वेळेवर सुटली. आपला क्रीडावाला आजोबा झाला, तेही जुळ्या नातवंडांचा. एकाला 'सलामीचा' म्हणतो, दुसऱ्याला 'राखीव'. सून बोलत नाहीये त्याच्याशी. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. लेक पूल बांधते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फोन केला की मागे यंत्रांची घरघर, आणि "आई, काँक्रीट ओतणं चाललंय, नंतर करते." काँक्रीट इतकं ओततात की पलीकडचा काठ या वर्षी तरी दिसावा. आणि मी या महिनाअखेरीला निवृत्त होतेय. नव्या मुलीला पान दोनवरच्या चौकटीचं काम शिकवतेय. हुशार आहे, पण बोटाच्या एका टिचकीवर सगळं मिळतं म्हणून तिला तपासायचा कंटाळा. तुमचा नियम तिला दहादा सांगितला, दोन वेगळ्या ठिकाणी सापडल्याशिवाय ओळ छापायची नाही. "पण दोन्ही ठिकाणं एकमेकांचं बघून लिहितात," असं म्हणाली. मी तिला तिसरं ठिकाण शोधायला लावलं. तुमच्याकडे याचं उत्तर असतं.

दुसरी बातमी तुम्ही वाचली असेलच. बाईसाहेब गेल्या. पंचाण्णवाव्या वर्षी, मंगळवारी पहाटे, झोपेतच. रंगभूमीवर इतक्या वेळा मेलेली बाई, शेवटचं मरण मात्र प्रेक्षकांशिवाय उरकलं. पुढच्या वर्षीच्या चौकटीसाठी त्यांचं कार्ड मी लिहिलं. दोन ठिकाणी नाही, पाच ठिकाणी विचारून घेतलं, शेवटी त्यांच्या भाच्यालाही फोन केला. तो वैतागला. "अहो, मी आत्ताच स्मशानातून आलोय!" आपल्या पेपराने एकदा त्यांना सोळा वर्षं आधी मारलं होतं, त्यामुळे माझा हात कार्डावर टेकायला तयार नव्हता, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

तो पिवळ्या कार्डांचा ढीग समोर घेऊन बसले की तुम्ही आठवता. चपलांचे बारा खोके, महिन्याला एक, प्रत्येकात दिवसागणिक पुठ्ठ्याच्या फटी. पान दोनवर डाव्या कोपऱ्यात आठ ओळींची चौकट, 'आजच्या दिवशी'. अग्रलेख लिहिणारे स्वतःला पेपराचे खांब समजायचे, पण वाचकांची पत्रं यायची ती तुमच्या आठ ओळींना. दुपारचा चहा आला की खेळ सुरू व्हायचा. क्रीडावाला ओरडायचा, "मास्तर, सात नोव्हेंबर!" आणि तुम्ही कप खाली न ठेवता चार घटना सांगायचा, एक लढाई, एक शोध, एक जन्म, एक मरण. पाच ते चौदा ऑक्टोबर विचारलं की तुम्ही विचारायचा, "कोणत्या शतकातला?" आणि मग ती गंमत सांगायचा, की सोळाव्या शतकात काही देशांनी कॅलेंडर सुधारताना दहा दिवस गाळूनच टाकले, चार तारखेला झोपलेली माणसं पंधरा तारखेला उठली. "त्या दहा दिवसांत तिथं कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही. संकलकाला भरपगारी रजा!" मी त्या विनोदाला किमान वीस वेळा हसले असेन. खरंच हसले, तुमचं मन राखायला नाही.

बारा एप्रिल तर तुमचा लाडका. एकाच तारखेच्या फटीत अठराशे एकसष्टचं अमेरिकेतलं यादवी युद्ध, आणि बरोबर शंभर वर्षांनी माणूस पहिल्यांदा अंतराळात. त्याच तारखेला पोलिओची लस सुरक्षित ठरल्याची घोषणा. तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा मी नवीन होते, महिनाभराची. तुमचे धाकटे भाऊ लस येण्याआधी सहा वर्षं जन्मले आणि जन्मभर काठीवर चालले, हेही तेव्हाच सांगितलंत. "तो उशिरा जन्मायला हवा होता," इतकंच म्हणालात आणि चष्मा पुसत बसलात. त्या दिवसापासून मी तुमची झाले. म्हणजे चेलीच, दुसरं काय! माझं प्रूफ बघून तुम्हीच मला चिमटा हे नाव ठेवलंत, बारीकसा काटाही उपटून काढते म्हणून. माझ्या आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा मला ते जास्त चिकटलं.

आता त्या वर्षीच्या बारा एप्रिलकडे येते. येणं भागच आहे.

तुमच्या ताईंचं ऑपरेशन होतं म्हणून तुम्ही आठ दिवस परगावी गेला होतात. आठ दिवसांची कार्डं पाकिटात घालून माझ्याकडे दिलीत आणि जिन्यावरून पुन्हा वर येऊन म्हणालात, "नीट बघ हं. घाईत लिहिलीत." बारा तारखेच्या चौकटीत शेवटची ओळ छापून आली, की थोर अभिनेत्री अमुक यांचा आज स्मृतिदिन. आणि त्या अमुक सकाळी आपल्या खिडकीत बसून, भिंग लावून, तीच ओळ वाचत होत्या. दहा वाजल्यापासून ऑफिसचा फोन खाली ठेवता येईना. वारल्या होत्या त्यांच्या थोरल्या भगिनी, त्याही नटीच, अकरा वर्षांपूर्वीच्या बारा एप्रिलला. आडनाव एक, नाटक मंडळी एक, चेहराही बराचसा एक. थोरलीच्या जागी धाकटीचं नाव पडलं होतं.

तुम्ही तेरा तारखेला गाडीतून उतरून थेट ऑफिसात आलात, हातात पिशवी, दाढी वाढलेली. चार रात्री इस्पितळाच्या बाकावर काढलेल्या होत्या. ताई वाचल्या होत्या, पण चेहऱ्यावर तो आनंद नव्हता, कारण स्टेशनावरच कोणीतरी पेपर हातात ठेवला होता. तुम्ही एप्रिलचा खोका टेबलावर पालथा केलात. एकेक कार्ड बघितलंत. मग माझ्या टेबलाशी आलात आणि अगदी हळू विचारलंत, "चिमटे, ते कार्ड माझ्याच अक्षरात होतं ना?"

मी म्हणाले, "हो."

"कुठंय ते?"

"सफाईत गेलं असेल."

तुम्ही तसेच संपादकांकडे गेलात. संपादकांच्या खोलीचं दार तुम्ही लावून घेतलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. ते बिचारे म्हणत होते, "अहो, चूकदुरुस्ती छापू, विषय संपवू. एवढ्या वर्षांत पहिलीच चूक तुमची." आणि तुम्ही म्हणालात, "पहिली सापडलेली. मला ते लिहिल्याचं आठवतच नाहीये हो. लिहिलं आणि आठवत नाही, हे चुकीपेक्षा वाईट. चौकट दुसऱ्याकडे द्या." कोणाकडे, असं त्यांनी विचारलं. "चिमट्याकडे द्या. तिची नजर साफ आहे."

मे महिन्यात माझं कंत्राट संपणार होतं, त्याऐवजी मी कायम झाले. बारा खोके तुम्ही स्वतः, एका वेळी दोन असे, माझ्या टेबलाशी आणून ठेवलेत. मी उठून हात लावायला गेले तर म्हणालात, "बस तू."

इथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

तुम्ही परत यायच्या आदल्या दिवशी, बारा तारखेलाच दुपारी, मी बाईसाहेबांकडे गेले होते. कोणी पाठवलं नव्हतं. तिसरा मजला, दारावर पितळी कडी. त्यांनी स्वतःच दार उघडलं, घरातला ढगळ झगा, ओठांवर मात्र लाली. मी पेपराचं नाव सांगितल्यावर बाजूला सरून, रंगमंचावरचाच तो आवाज लावून म्हणाल्या, "या. मयताला इतक्या लवकर कोणी येईल असं वाटलं नव्हतं." मी दारातच रडायला लागले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "सकाळपासून एकोणचाळीस फोन आले. दोघं रडले. त्यातल्या एकाने मी जिवंत असताना माझं कधी धड कौतुक केलं नव्हतं. रडू नको गं. आम्हा बहिणींत लोक जन्मभर गल्लत करायचे. तिची फुलं मला, माझ्या शिट्या तिला. आज तिचं मरण माझ्या दारात आलं, एवढंच." भिंतीवर दोघींचा फोटो होता, एकीच्या खांद्यावर दुसरीची हनुवटी. मला त्यांतली कोणती कोण ते ओळखता येईना. मग त्यांनी विचारलं, "लिहिलं कोणी?"

आणि मी खरं सांगितलं. "मी."

मास्तर, तुमच्या कार्डावर सातच ओळी होत्या. सातही बिनचूक. आदल्या दिवशी दुपारी चार वाजता शेजारची जाहिरात लहान झाली आणि चौकटीत एका ओळीची जागा उरली. पानं लावणारा ओरडला, "एक ओळ भरा, पान सुटतंय!" तुमच्या खणातलं कोरं कार्ड मी घेतलं आणि आठवणीतून लिहिलं. लहानपणी आईबरोबर पाहिलेल्या नाटकातली ती नटी वारल्याचं वाचलेलं आठवत होतं, तारीखही आठवत होती. एवढा अभिमान वाटला हो मला! वाटलं, मास्तरांसारखं मलाही येतं की. दुसरीकडे पडताळायला दोन मिनिटं लागली असती. माझंच लिहिलेलं, म्हणून प्रूफ बघतानाही त्या ओळीवर थांबले नाही. बाकीच्या सात ओळी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचल्या.

बाईसाहेबांनी विचारलं, "ऑफिसात सांगितलंस?" मी मान हलवली, नाही. यजमानांचा छापखाना त्याच हिवाळ्यात बंद पडला होता, लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं, कंत्राट मेपर्यंतचं. हे सगळं मी त्यांना भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आणि तुझे ते मास्तर?" मी म्हणाले, "उद्या येतील. आले की सांगते." तेव्हा माझा इरादा खरंच तसा होता. तुम्ही पिशवी घेऊन आलात आणि विचारलंत तेव्हा माझ्या पर्समध्ये ते कार्ड होतं. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल, आरडाओरडा कराल, त्याची तयारी मी करून ठेवली होती. पण तुम्ही असं विचारलंत की उत्तरही तुम्हीच पुढे केलंत. मला फक्त हो म्हणायचं होतं.

महिनाभराने बाईसाहेबांकडे गेले तर त्यांनी दारातच विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणाले, "नाही." त्या म्हणाल्या, "मग मला कशाला येऊन सांगितलंस? मी जिवंत आहे. ज्याला मारलंस त्याला सांग." तरी मी जात राहिले, दर महिन्या-दोन महिन्याला. त्यांना पेपर वाचून दाखवायचे, त्यांच्या नखांना रंग लावून द्यायचे, जुन्या नटांच्या भानगडी ऐकायचे. मी निघाले की त्या तेवढी भुवई उचलायच्या. पाच-सहा वर्षांनी भुवई उचलणंही बंद झालं. ते मला जास्त लागलं.

आणि रोज तुम्हाला बघत होते. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तुम्ही वाचकांची पत्रं लावलीत. चार ओळींचं पत्र तीनदा वाचायचा. दुपारी चहाच्या वेळी क्रीडावाल्याने सवयीने विचारलं, "मास्तर, सात नोव्हेंबर!" तुम्ही म्हणालात, "वही बघून सांगतो." सगळ्यांना वाटलं थट्टा आहे. तुम्ही खरंच वही उघडलीत. त्यानंतर कोणी तुम्हाला तारीख विचारली नाही. माझ्या टेबलावर मात्र फोन यायचे, "बाई, चौकट छान चाललीय." एकेक शाबासकी दाताखाली खड्यासारखी यायची, आणि मी ती गिळायची.

तुम्ही विचाराल, एवढी वर्षं कशी झोप आली तुला? येत होती. खोटं कशाला सांगू, चांगली झोप येत होती, कारण मी स्वतःला एक गोष्ट सांगून ठेवली होती. मास्तरांना सगळं कळलंय. ती ओळ माझी आहे हे त्यांनी केव्हाच ताडलंय, माझ्या लेकीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून ते आपणहून अंगावर घेतायत, आणि त्यांनी विचारलं तेही मला वाट करून देण्यासाठीच. तुमचा स्वभाव बघता काही अशक्य नव्हतं ते. तुम्ही माझ्या लेकीला पहिला पगार झाला तेव्हा पेन पाठवलंत, मला दर वाढदिवसाला फोन केलात, त्या दिवशी कायकाय घडलं होतं ते मात्र आधी कुठूनतरी कागदावर लिहून घेऊन वाचून दाखवायचा. मी म्हणायचे, बघ, यांच्या मनात काही नाही. चोराने स्वतःच न्यायाधीश व्हावं आणि स्वतःला सोडून द्यावं, तशातली गत.

काल संपादकांना सगळं लेखी दिलं. हल्लीचे संपादक तेव्हा शाळेत होते. वाचून म्हणाले, "बाई, सोळा वर्षांपूर्वीची चूकदुरुस्ती आता कुठे छापू? आणि कोणाला आठवतंय ते?" बरोबर आहे त्यांचं. ज्याला आठवतंय त्यालाच लिहायला हवं होतं.

आणि ज्या कारणाने लिहायला बसले ते आता सांगते, मास्तर. मागच्या गुरुवारी चष्म्याच्या दुकानात तुमची लेक भेटली. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम डोळे पुसायला लागली. म्हणाली, बाबा हल्ली विसरतात, म्हणजे वय झालंय, चष्मा शोधतात, दूध तापत ठेवून जातात, तेवढंच. पण त्यांनी हायच खाल्लीय. आपलं डोकं गेलं म्हणतात, नातवाला गोष्ट सांगायला बसत नाहीत, चुकीचं काही सांगेन म्हणतात. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, आजोबा, विसरायला साधारण कधीपासून लागलं? तर बाबांनी एका दमात तारीख सांगितली, सोळा वर्षांपूर्वीचा बारा एप्रिल. डॉक्टरांनी ती कागदावर लिहून घेतली. सोळा वर्षं म्हणजे बरंच जुनं दुखणं, म्हणाले. दुकानातल्या आरशांत मला माझे आठ-दहा चेहरे दिसत होते, एकाकडेही बघवेना. तुम्हाला काहीच कळलं नव्हतं तर. तुम्ही मला सांभाळून घेत नव्हतात, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता. पत्रासोबत ते पिवळं कार्ड आहे, इतकी वर्षं माझ्या शब्दकोशात होतं. अक्षर बघा, माझं आहे, तुमच्या अक्षरासारखं वळण द्यायचा प्रयत्न केलाय तेवढा. पुढच्या वेळी जाल तेव्हा ते डॉक्टरांना दाखवा आणि ती तारीख खोडायला सांगा. चष्म्याचं आणि दुधाचं काय ते डॉक्टर बघतील, त्यातलं मला कळत नाही. पण त्या दिवशी तुम्ही काही विसरला नव्हतात. तुम्ही ती ओळ लिहिल्याचं तुम्हाला आठवत नव्हतं, कारण तुम्ही ती लिहिलीच नव्हती. रविवारी अकरा वाजता मी येतेय. गुडघ्यामुळे जिना सावकाश चढेन, तेवढ्या वेळात दार उघडायचं की नाही ते ठरवा. नाही उघडलंत तरी मी समजेन. उघडलंत तर मात्र आधी मला मनसोक्त रागवा, मग नातवाला हाक मारून जवळ बसवा, आणि वही न उघडता त्याला बारा एप्रिल सांगा.

तुमचीच,
चिमटा